व्हायोलाची पेटी

हॅलो?… हो, शशिकला टीचरच बोलतेय. कोण?… अहो नीताताई, बोला ना.

रंजिता?… नाही हो, व्हायोलिनचा क्लास साडेपाचलाच सुटला. आता सव्वासहा होतायत. कधीच निघाली… घरी पोचली होती? मग?

काय घेऊन आली?… प्रणितची पेटी? तरीच. अहो, तो पोरगा इथे मघापासून रडत बसलाय. उद्या त्याची परीक्षा आणि व्हायोला गायब. तुमच्या रंजिताचं व्हायोलिन इथे कोपऱ्यात तसंच पडलंय. दोन्ही पेट्या काळ्या, व्हायोलाची बोटभर लांब, एवढाच काय तो फरक. शंभरदा सांगितलंय, झाकण उघडून बघितल्याशिवाय पेटी उचलायची नाही. पण ऐकतील तर शपथ.

बरं, मग आता पाठवा की कोणाबरोबर तरी… पाठवली? कधी?

पावणेसहाला?

एक मिनिट… काही नाही हो, मध्ये दुसरा फोन येतोय. टूं टूं चाललंय मघापासून. अनोळखी नंबर आहे. क्रेडिट कार्डवाले असणार, संध्याकाळ झाली की यांना ऊत येतो. राहू दे.

नीताताई, ती इथे आलेली नाही… नाही हो, मी दारातच बसलेय. मी थांबवून घेतली असेल असं वाटलं तुम्हाला? नाही. आलीच नाही.

एकटीच पाठवलीत?… बरं, तुम्ही नाही पाठवलीत. पळाली. चप्पलसुद्धा न घालता… काय म्हणाली जाताना?

टीचर ओरडतील म्हणाली…

हो. ओरडले होते मी, गेल्या शनिवारी. जिन्यात पेटी आपटली तिनं, आतल्या व्हायोलिनची तारांखालची घोडी मोडली. हात नाही लावला हो… एवढंच म्हटलं, जीव गेला तरी पेटी हातातून सुटता कामा नये. बोलतो ना आपण असं…

रडू नका. ऐका ना. दहा मिनिटांचा तर रस्ता. हायवे ओलांडला की मेडिकल, त्याच्या बाजूला आमचा जिना. मैत्रिणीकडे थांबली असेल, फिजाकडे… विचारलंत? तिथेही नाही?

थांबा, गॅलरीत जाते… अहो, ट्रेलर उभे आहेत सगळे. न्हावा शेव्याकडे जाणारी लाइन पार सिग्नलपर्यंत. हॉर्न पण वाजवत नाहीये कोणी… माणसं पुढे पळतायत… नाही, इथून काही दिसत नाही. नीताताई, तुम्ही लगेच खाली उतरा.

परत तोच नंबर. चौथ्यांदा.

नीताताई… प्रत्येक पेटीच्या झाकणावर, बाहेरून, मी चिठ्ठी चिकटवलीये. वाद्य हरवलं तर परत मिळावं म्हणून. मुलांचे घरचे नंबर नाहीत त्यावर… फक्त माझा आहे.

थांबा. हा फोन घेते.

हॅलो?… हो, मीच. शशिकला… हो, पेटी आमचीच. पेटी राहू द्या हो… मुलगी. मुलगी कशी आहे?

डोळे उघडे आहेत ना… बोलतेय?… गाडी आहे तर घाला ना तिला गाडीत, वाट कसली बघताय?

सोडत नाही म्हणजे?… छातीशी धरलीये… अहो, मग हात सोडवा ना तिचा… ओरडतेय?

दादा, फोन तिच्या कानाला लावा. लावा हो.

रंजिता, मी टीचर. पेटी सोड, बाळा… नाही गं रागावणार. मोडली तर मोडू दे. त्या काकांकडे दे… दे ना गं. मीच सांगतेय ना, सोड… रंजिता?… रंजू?

दादा, सोडली का तिनं?

आपोआप सुटली म्हणजे?… हॅलो?… हॅलो?