पळीला विचारलेला प्रश्न

सुमनवहिनी, आणि जमलेल्या सगळ्यांनो,

बोलायला उभा राहिलोय खरा, पण कुठून सुरुवात करू कळत नाही. कागदावर लिहून आणलं होतं. ‘मंडळाचे आधारस्तंभ, निःस्वार्थ कार्यकर्ते’ वगैरे. कमिटीतल्या दोघांनी वाचलंही, छान झालंय म्हणाले. तो कागद खिशातच राहू दे. अनंतदादांविषयी असलं काही वाचायला लागलो तर माझा आवाज बसेल. रडू येतंय म्हणून नाही. लाज वाटते म्हणून.

दादांना जाऊन महिना होत आला. इथेच, मुऐदरच्या घरी, सकाळचा चहा हातात असताना गेले. वहिनी त्यांना नाशिकला घेऊन गेल्या, तेरावं करून परवा परत आल्या, इथलं घर आवरायला. आणि आज आपण त्यांना तिसऱ्या रांगेत बसवलंय. पुढच्या दोन रांगांत सोफे आहेत, त्यांवर ‘राखीव’ असे कागद चिकटवलेत. नवऱ्याच्या शोकसभेत बायको तिसऱ्या रांगेत. मी दारातून आत आलो, मला ते दिसलं, आणि मी येऊन माझ्या सोफ्यावर बसलो. असा माणूस तुमच्यापुढे बोलतोय.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हे मंडळ सुरू कसं झालं ते माहीत नसेल. दादांच्या व्हिलाच्या मागच्या अंगणात झालं. मी तेव्हा ड्राफ्ट्समन होतो, इंडस्ट्रियल एरियात एका खोलीत आठ जण राहायचो. कंपनीची बस दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सूक वाकिफच्या बाजारापाशी सोडायची. तिथे आम्ही चौघं मराठीत भांडत होतो, रस्ता कुठला यावरून. मागून आवाज आला, “अरे, भांडता काय? गणपती बसलाय घरी. जेवायला चला.” बस्स. ओळख ना पाळख, “यल्ला, चला” म्हणाले आणि गाडीत कोंबलं आम्हाला.

त्या दिवशी मला दादांचा नियम कळला. पहिली पंगत लेबर कॅम्पवरून आलेल्या कामगारांची. कारण त्यांना परतीची बस गाठायची असते. इंजिनिअर, मॅनेजर, त्यांची बायकामुलं, सगळे मागून. आणि वाढणार कोण? त्या वर्षीचा अध्यक्ष. दर वर्षी नवा अध्यक्ष, आणि त्यानेच वाढायचं, त्यानेच शेवटी अंगणातल्या नळाखाली पातेली घासायची. दादा तेव्हा अध्यक्ष होते. पातेल्यात वाकून वरण वाढत होते, मनगटावर गरम वरण उडालं. मी म्हटलं, “दादा, भाजलं ना.” श्रीकांत हे नाव सांगून तासही झाला नव्हता, ते म्हणाले, “भाजायलाच पाहिजे, श्री. नाहीतर कसं कळणार किती गरम आहे?”

पुढच्याच वर्षी दादांनी नाटक लिहिलं. वीस मिनिटांचं. स्वयंपाकघरातली भांडी. एक मोठा हंडा सगळं अन्न झाकण लावून स्वतःपाशी ठेवतो, म्हणून भांडी मिळून त्याला उलथवतात. मग राज्य कोणी करायचं? सगळी म्हणतात, पळीने. कारण पळी उकळत्या वरणात स्वतः उतरते, सगळ्यांना वाढते, स्वतःपाशी थेंब ठेवत नाही. सुरुवातीला छान चालतं. मग पळी म्हणते, मला फार चटके बसतात, लाकडी मूठ लावा. लावतात. मग म्हणते, ढिगात पडून ओरखडे उठतात, भिंतीवर खिळा ठोका. ठोकतात. खिळ्यावरून तिला सगळे लहान दिसायला लागतात. मग वरणात उतरायला ती चमच्यांना पाठवते. शेवटी तिला चांदीचा मुलामा देऊन काचेच्या कपाटात ठेवतात, आणि पातेल्यात वरण आटत जातं. तेव्हा सगळ्यात लहान वाटी पुढे येते आणि विचारते, “पळीताई, तू शेवटची कधी भाजलीस?” पडदा.

पळीचं काम मी केलं होतं. अंगाला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून. काय हसलो आपण! पोट धरधरून हसलो. सगळ्यांना वाटलं, दादांनी तिकडच्या पुढाऱ्यांना काय झोडपलंय. तिकडच्या! भारतातल्या! इथे आपण कुणाचे पुढारी? आपण साधी नोकरदार माणसं, दोन-तीन वर्षांच्या करारावर आलेली. आपल्यात कुठली आलीय सत्ता? असंच वाटलं होतं ना? मला तर नक्कीच. आणि मी तर फॉइल गुंडाळून उभा होतो.

मग मी अध्यक्ष झालो. पहिलं वर्ष मी वाढलं. खोटं नाही सांगत, वाढलं, हात भाजले, पातेली घासली. दुसऱ्या वर्षी तुम्हीच म्हणालात, श्रीकांत, तूच राहा, तुझ्या ओळखी आहेत, हॉल मिळतो. राहिलो. हॉल मोठा झाला तशी भांडी घासायला माणसं लावली. मग वाढायला केटरिंगवाले आले. मग बोलावलेले पाहुणे यायला लागले, त्यांना ताटकळत कसं ठेवायचं, म्हणून पहिली पंगत त्यांची झाली. कॅम्पवाल्यांना म्हटलं, तुम्ही दुसऱ्या पंगतीला बसा. दुसऱ्या पंगतीला बसले की बस चुकायची. मग आपणच तोडगा काढला. त्यांना गेटवर जेवणाची पाकिटं देऊ. त्यांचीही सोय, आपलीही सोय.

यातलं एकही पाऊल वाईट हेतूने टाकलं नव्हतं. प्रत्येकाला कारण होतं. मूठ, खिळा, कपाट, सगळ्याला कारण होतं.

रौप्यमहोत्सवाला दादा म्हणाले, ते नाटक पुन्हा करू. मी म्हटलं, करू की, फक्त शेवट जरा बदला. पळीला चूक कळते, सगळे एकत्र जेवतात, असं काहीतरी. पाहुण्यांसमोर बरं दिसतं.  दादांनी नाही बदलला शेवट. मी नाटकच काढून टाकलं. कारण दिलं, वेळ नाही. त्या जागी लावणी ठेवली. चांगली झाली लावणी, टाळ्या पडल्या.

आणि मग ती वार्षिक सभा. तुम्ही बहुतेक सगळे होतात. दादा उभे राहिले. आयुष्यभर मला ‘अरे श्री’ म्हणणारा माणूस. त्या दिवशी म्हणाले, “अध्यक्ष, एकच विचारतो. तुमचे हात शेवटचे कधी भाजले?”

आठवतंय?  एसीचा आवाज येत होता. ज्यांच्या मुलांच्या बारशाला दादांनी घर दिलं, ज्यांच्या नोकऱ्या गेल्यावर दादांनी स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, ते सगळे खाली बघत होते. काही मोबाईलमध्ये बघत होते. दादा उभेच. दोन मिनिटं तरी झाली असतील. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि खाली बसले. आणि मी म्हटलं, “पुढचा विषय.”

त्यानंतर दादा हॉलमध्ये जेवले नाहीत. दर गणपतीला गेटवर जायचे, रांगेत उभे राहून पाकीट घ्यायचे आणि कॅम्पवाल्यांबरोबर फुटपाथवर बसून खायचे. मी एकदा गाडीतून उतरलो तेव्हा भानुदास होता त्यांच्याजवळ. लातूरचा भानुदास, बांधकामाच्या परांच्या बांधतो, स्कॅफोल्डिंगवर आहे, तुम्हाला माहीत नसेल. तो मला बघून उठायला लागला. म्हणाला, “साहेब, आमी इथंच बरं हाव.”  दादा भातात वरण नीट कालवत राहिले.

शेवटची भेट सूक वाकिफला झाली. दादा मसाल्याच्या दुकानात दगडफूल निवडत होते. मी चुकवायला बघत होतो, त्यांनीच हाक मारली. “श्री, नाटकाचा शेवट बदललाय रे मी. तुला हवा होता ना?” मला बरं वाटलं, खरंच सांगतो. वाटलं, माफ केलं. मी विचारलं, “काय केलं शेवटी?” म्हणाले, “आता वाटी काही विचारतच नाही. पालथी पडून राहते. खलास.” आणि दुकानदाराचे ‘शुक्रन’ म्हणत आभार मानून, पिशवी घेऊन निघून गेले.

आज भानुदास आलाय. त्याच्याबरोबर आणखी सहा-सात जण आहेत. मागे दारापाशी उभे आहेत. आत्ता बोलता बोलता दिसले मला. पुढचे राखीव सोफे अजून रिकामेच आहेत, पाहुणे काही आले नाहीत. भानुदास, या ना पुढे. या सगळे. बसा इथे.

नाही येत. मान हलवतोय. बस आहे म्हणतोय.

वहिनी, तुम्ही तरी या.

बरं. असू द्या.

तुम्हाला वाटत असेल, मी आता राजीनामा देणार. देणार नाही. मी स्वतःला ओळखतो. उद्या सकाळी कमिटीचा फोन येईल, श्रीकांत, जरा भावनेच्या भरात बोललास, पण छान बोललास. मी हो म्हणेन. पुढच्या गणपतीला गेटवर पाकिटं वाटली जातील, रांगेत एक माणूस कमी असेल, एवढंच. बदललं असतं तर दादा असताना बदललं असतं. त्यांनी विचारलं होतं, स्पष्ट, सगळ्यांसमोर, एका वाक्यात. आणखी काय करायचं होतं त्या माणसाने?

आता दोन मिनिटं शांत उभे राहू. आपल्याला अवघड जाणार नाही. त्या सभेत एवढाच वेळ दादा एकटे उभे होते आणि आपण सगळे बसून गप्प होतो. आज आपण उभे राहू.

दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं माझ्याकडे. हात शेवटचे कधी भाजले?

आठवत नाही, दादा.

उठा सगळे.