गिरणीपासून डावीकडे

बसा, बसा मंडळी! पुढे सरका जरा. मागे आणखी माणसं उभी आहेत. मला उशीर झाला, ठाऊक आहे. पेटीवाले मघापासून घड्याळाकडे बघतायत आणि मग माझ्याकडे बघतायत. पण उशीर का झाला, विचारा की! अहो, तुमच्या वेशीतून आत आलो आणि एकाला विचारलं, "दत्ताचं देऊळ कुठं?" तो म्हणाला, "उजवीकडे!" उजवीकडे गेलो, दुसऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "छे छे, मागे राहिलं!" तिसऱ्यानं तर मला थेट गोठ्यात नेऊन सोडलं! आणि मंडळी, ते तिघेही आत्ता इथंच बसलेत. बघा, माना खाली गेल्या!

तर आजचा प्रश्न हाच. आपल्याला जे ठाऊक नाही, ते "ठाऊक नाही" असं म्हणायला जिभेचं काय जातं? वजन उचलायचं नाही, डोंगर चढायचा नाही. दोन शब्द! पण येतात का तोंडातून? ज्यानं रस्ता विचारला तो बिचारा उन्हात उभा, आणि आपण त्याला चुकीच्या वाटेला लावून वर म्हणतो, "पुढं कुणालाही विचारा!" हे पुण्य की पाप? सांगा ना! कुणी बोलत नाही. बरं, मग ऐका.

एक होते तात्या. अंबादास दिवटे. गावाचं नाव सांगत नाही, त्या गावचे पाहुणे इथं बसलेत, उगाच प्रसाद न घेता उठतील! तात्या पोस्टमन. चौतीस वर्षं टपाल वाटलं. कुणाचा मुलगा कुठं नोकरीला, कुणाच्या सुनेचं माहेर कुठलं, सगळं पत्त्यासकट पाठ! चौदा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आता निवृत्त माणसाचा दिवस कसा असतो? पहाटे उठायचं, चहा, पेपर. पेपर म्हणजे कसा? पहिल्या पानावरच्या तारखेपासून शेवटच्या पानावरच्या छापखान्यापर्यंत! मग घर ते पार आणि पार ते घर. चौदा वर्षं एवढीच फेरी. पण ऐट अशी, की सगळं गाव खिशात आहे.

पारावर चार म्हातारे जमायचे आणि तात्या त्यांना रोज एक कोडं घालायचे. "सांगा, माणसाच्या एका पावलात हाडं किती?" कुणी म्हणे पाच, कुणी म्हणे दहा. "सव्वीस!" तात्या म्हणायचे. "सांगा, पिनकोड कधी सुरू झाला?" "बहात्तर साली, पंधरा ऑगस्टला!" आता पिनकोड कळून त्या म्हाताऱ्यांना कुणाला पत्र धाडायचं होतं? पण माना डोलवायचे. आणि पारावरनं जाणारा कुणीही रस्ता विचारो, तात्या बसल्या जागेवरून हात करायचे. न विचारणाऱ्यालाही सांगायचे!

त्यांच्या घरी इंदूकाकू. काकूंच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ओढ्यापलीकडे डोळ्यांचा नवा दवाखाना झालेला, तिथं शिबिर होतं. काकूंना सकाळी आठलाच बोलावलेलं, अकराला ऑपरेशनला आत नेणार. काकू घाबरलेल्या. त्यांच्या आईचा डोळा असाच हातचा गेलेला. त्या म्हणाल्या, "अहो, मला आत नेतील ना, तेव्हा तुम्ही समोर हवात. तुम्हाला बघून जाईन मी. मग काय व्हायचं ते होऊ दे."

कुठलाही नवरा काय करील? बरोबर जाईल! तात्या काय म्हणाले? "तू शेजारच्या शालनबरोबर हो पुढं. मी साडेदहाला येतो. पारावर जरा काम आहे."

काम काय, ठाऊक आहे? आदल्या दिवशी कोडं घातलं होतं, ऑक्टोपसला हृदयं किती? त्याचं उत्तर द्यायचं होतं! उत्तर आहे तीन. ऑक्टोपसला तीन हृदयं, मंडळी! आणि तात्यांना होतं एक, तेही त्या दिवशी पारावर!

काकूंनी जाता जाता विचारलं, "दवाखाना सापडेल ना? विचारून घ्या कुणाला तरी. फोन घ्या बरोबर."

"मला? मला रस्ता सांगतेस? चौतीस वर्षं!" फोन राहिला घरी, चार्जिंगला.

तर तात्या पारावर बसले. ऑक्टोपस झाला, माना डोलल्या. तेवढ्यात समोर एक म्हातारी येऊन उभी राहिली. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात केसपेपर. डोळे बारीक करून अंदाजानं बघतेय.

"भाऊ, त्यो डोळ्याचा नवा दवाखाना कुठशी आला? आज शिबिराचा शेवटचा दिस हाय."

आता खरं काय? तात्यांनी तो दवाखाना कधी पाहिलेलाच नव्हता! ओढ्यापलीकडे चौदा वर्षांत पाऊल पडलेलं नव्हतं. पण चार म्हातारे बघतायत ना! तात्यांनी हात केला.

"हे असं सरळ जा मावशी. ओढा ओलांडा. गिरणीपासून डावीकडे वळा, मोठी चिंच लागेल, तिथनं पत्राच्या पेटीपाशी वळा. मग कुणालाही विचारा!"

"लई उपकार झाले बाबा," म्हातारी म्हणाली आणि चालू लागली.

सव्वादहाला तात्या उठले. रिक्षा? छे! पोस्टमन रिक्षात बसतो का कधी? ओढा ओलांडला आणि उभे राहिले. गिरणी कुठंय? गिरणीच्या जागी मोबाइलचं दुकान! की त्या शेजारच्या जागी होती गिरणी? तिथं केक मिळत होते. दोन दुकानांच्या मधून एक बोळ, एक पलीकडून. डावीकडे म्हणजे नेमकं कुठल्या डावीकडे? तात्यांनी मनात पत्ता लावला, 'कुलकर्ण्यांचं घर, मग शिंप्याचं...' कुलकर्ण्यांच्या घरावर तीन मजले चढलेले आणि शिंप्याच्या जागी कुठल्याशा बँकेचं मशिन!

एका बोळात शिरले. पुढं पाण्याची टाकी, टाकीला बांधलेली शेळी. उजवीकडे वळले, डावीकडे वळले, भिंत आली. मागे फिरले. एका कमानीवर एका देवाचं नगर, पुढच्या कमानीवर दुसऱ्या देवाचं नगर. घरं मात्र सगळी एकसारखी, सगळ्यांना तोच पिवळा रंग. पुन्हा वळले आणि समोर काय? टाकी! शेळी! शेळीनं मान वर करून बघितलं. तात्यांना वाटलं, ही दुसरी शेळी असेल. हो की नाही? मन असंच सांगतं आपल्याला!

घड्याळात दहा पन्नास. आपलं गाव, आपले पाय, आणि आपणच कुठं आहोत ते कळेना! चिंच? रस्ता रुंद केला तेव्हा गेली. आणि पत्राची पेटी? मंडळी, ती लाल पेटी तात्यांनी स्वतःच्या हातानं रोज उघडलेली. तिच्या जागी नुसता भिंतीवर चौकोन उरला होता, रंग न उडालेला. तात्यांनी त्याच्यावर हात ठेवला. आपण गेलो नाही, गावच निघून गेलं, असं वाटलं त्यांना.

शेवटी काय केलं? जन्मात पहिल्यांदा एका पानवाल्याला विचारलं! "दवाखाना... डोळ्यांचा... कुठं हो?"

पानवाला चुना लावता लावता म्हणाला, "हे काय! सरळ जा. गिरणीपासून डावीकडे, मग कुणालाही विचारा."

"पण गिरणी कुठंय?"

"गिरणी नाही आता. पण जिथं होती ना, तिथनं डावीकडे!"

"तुम्ही पाहिलीय का गिरणी?"

"मी? मी इथं येऊन चार वर्षं झाली. पण माझा मेव्हणा सांगतो. त्याला पारावरच्या कुणा तात्यांनी सांगितलंय. पोस्टातले आहेत म्हणे. सगळं गाव पाठ!"

काय झालं असेल तात्यांचं, मंडळी? हसू नका! आपलं पाप असं गोल फिरून, पान लावून आपल्याच हातात मिळतं! तात्या चालत राहिले. तिसऱ्यांदा टाकी, तिसऱ्यांदा शेळी. आता मात्र शेळी ओळखीची निघाली.

आणि त्या टाकीच्या सावलीत कोण बसलं होतं? पिशवी मांडीवर घेऊन ती म्हातारी! चेहरा लालबुंद, पदरानं वारा घेतेय. घड्याळात सव्वाअकरा.

"कोण हाय?" म्हातारी म्हणाली. "भाऊ, डोळ्याचा दवाखाना घावंना वं. दीड घंटा फिरतीया. हे शिबिर हुकलं तर फुडं सा म्हैन्यांनी. तवर ह्यो बी डोळा जातुय."

म्हातारी आपली बोलतच होती. "सकाळच्याला पारावर एक देवमाणूस भेटला. लई नीट सांगितलं त्यानं, सम्द्या खुणा सांगितल्या. मीच मेली आंधळी. माझ्याच नजरंला त्या खुणा दिसल्या न्हाईत. त्याचं काय चुकलं न्हाई."

मंडळी, शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं! तिला तात्या दिसत नव्हते, नुसता धूसर आकार. गप्प बसायला किती सोपं होतं! कुणाला कळणार होतं? पण तात्यांच्या मनात दुसरंच चाललं होतं. अकरा वाजून गेले. इंदूला आत नेलं असेल. दाराकडे बघत बघत गेली असेल ती. मी समोर नव्हतो. ऑक्टोपसपायी!

"उठा मावशी," तात्या म्हणाले. "मी पण तिकडंच निघालोय. पण..." आणि मग ते आलं. घशातून खेचून काढावं तसं आलं. "पण मला रस्ता ठाऊक नाही."

आकाश कोसळलं का? जीभ झडली का? काही झालं नाही! शेळी चरत होती तशीच चरत राहिली.

म्हातारीनं हात पुढं केला, तात्यांनी धरला. वर एका गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालत होती. तात्यांनी हाक मारली, "ताई, डोळ्यांचा दवाखाना ठाऊक आहे का? नसला तर नाही म्हणा, चालेल."

ती म्हणाली, "नाही हो काका, मला नाही ठाऊक. दोनच महिने झाले इथं येऊन. थांबा, ह्यांना विचारते." फोन लावला, विचारलं, आणि पायात चपला अडकवून स्वतः खाली आली. पाचव्या मिनिटाला त्यांना दवाखान्याच्या दारात उभं केलं! कुठं होता दवाखाना? टाकीच्या मागच्याच गल्लीत! ज्या बाईला ठाऊक नव्हतं तिनं पोचवलं, मंडळी, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांनी शेळीला तीन प्रदक्षिणा घालायला लावल्या!

आत बाकावर ओळीनं बायका बसलेल्या. म्हातारीचं नाव तानूबाई. नर्सनं केसपेपर बघितला, "कुठं होतात आजी? बसा, अजून घेतायत आत." आणि बाकाच्या अगदी टोकाला, डोळ्यात थेंब घातलेल्या, इंदूकाकू! अजून बाहेरच!

"अगं, तुझा नंबर? अकराला होता ना?"

"होता," काकू म्हणाल्या. "मी नर्सला म्हटलं, मला शेवटचा द्या. आमचे हे रस्ता चुकणार."

"तुला कसं..."

"त्रेचाळीस वर्षं झाली लग्नाला. चुकलात ना?"

आता ऐका! त्रेचाळीस वर्षं तात्यांनी या प्रश्नाला एकच उत्तर दिलेलं. 'छे, वाटेत एक माणूस भेटला होता.' त्या दिवशी तात्या तिच्यापुढं उकिडवे बसले आणि म्हणाले, "चुकलो. सकाळी तुझ्याबरोबर यायला हवं होतं. तिथंच चुकलो." काकूंनी त्या धूसर डोळ्यांनी त्यांच्याकडे बघून घेतलं, पोटभर. म्हणाल्या, "आता न्या म्हणावं."

पण एक राहिलं होतं. तानूबाई! उद्या पट्टी सुटणार, तिला लख्ख दिसणार. शेजारच्याच खाटेवर इंदू असणार. उद्या दिसण्याआधी आज सांगायला नको? नर्स तिला न्यायला आली तशी तात्या पुढं झाले.

"मावशी, थांबा. सकाळी पारावर भेटला तो देवमाणूस... तो मीच. मला रस्ता ठाऊक नव्हता. उगाच सांगितला."

तानूबाई शांतपणे म्हणाली, "ठावं हाय."

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"टाकीपाशी 'उठा मावशी' म्हनलास, तवाच. आंधळी हाय, बहिरी न्हाई मी! मावशी म्हनायची तुझी तऱ्हा सकाळचीच हुती की."

"मग बोलला का नाहीत?"

"तू कवा सांगतुयास ते बघत हुते," तानूबाई म्हणाली. "न सांगता गेला असतास तर उद्या डोळं उघडल्यावर पयलं तुझंच तोंड बघायचं हुतं मला. आता ऱ्हाऊ दे. आता त्या बाईपाशी बस." आणि नर्सचा हात धरून आत गेली.

दोघींनाही लख्ख दिसायला लागलं, मंडळी, काळजी नको. तात्या पुन्हा पारावर बसायला लागले. कोडी घालतात अजून, ती काय सुटतात होय! पण कुणी रस्ता विचारला की आधी म्हणतात, "मला ठाऊक नाही," आणि मग पारावरून उतरून त्याच्याबरोबर चालायला लागतात. गुडघे दुखतात, पण जातात. गाव पुन्हा ओळखीचं होत चाललंय म्हणे.

माझ्या चार तोडक्यामोडक्या ओळी ऐका. संतांच्या नाहीत, माझ्याच आहेत, उगाच त्यांच्या माथी मारत नाही!

नाही ठावे म्हणे । त्यासी नाही उणे ।
खोटी वाट देणे । पाप डोई ॥

आता तुमच्याकडे वळतो! रस्त्याचं राहू दे. मुलाला सांगता, 'हेच शीक, यातच भविष्य आहे.' ठाऊक आहे तुम्हाला? आजारी माणसाच्या उशाशी बसून औषधं सांगता. ठाऊक आहे? शेजाऱ्याच्या सुनेबद्दल सांगता, तेही शपथेवर! किती जण तुमच्या गिरणीपासून डावीकडे वळले असतील, आणि आज कुठल्या टाकीखाली बसले असतील? बघायला गेलात कधी?

आणि मी तरी कोण? इथं उंचावर उभा राहून तासभर तुम्हाला देवाचा रस्ता सांगतोय. मंडळी, खरं सांगू? मला ठाऊक नाही. मीही विचारत विचारतच चाललोय. तेव्हा असं करू, उगाच हात करून दाखवायला नको. हात धरू एकमेकांचा, आणि बरोबरच चालू. उठा, आरती घ्या. आणि ते तिघं सज्जन आहेत ना, त्यांनी मला वेशीपर्यंत सोडायला यायचं बरं का. नुसतं सांगायचं नाही, बरोबर यायचं!