खिळ्याचं भोक

रिचमंडच्या नाण्यांच्या प्रदर्शनात माझ्यापुढे रांगेत व्हर्लीन आजी होत्या. अमेरिकेच्या यादवी युद्धात बुडालेल्या दक्षिणेच्या सरकारची एक नोट त्यांनी हॅस्केल नावाच्या जुन्या नोटांच्या व्यापाऱ्यापुढे ठेवली.

“आजी, अस्सल आहे हो! सही हातानं केलेली. नकली नोटेवर ती छापलेली असते.”

“अस्सलच असणार. मालकानं माझ्या पणजीला मजुरी म्हणून दिलेली.”

“कधी?”

“दक्षिण युद्ध हरल्यावर. गुलामी संपली म्हणून पणजीनं वर्षभर मजुरीनं कापूस वेचला, आणि हातात हे पडलं. तेव्हा याला चिमूटभर मीठसुद्धा मिळत नव्हतं.”

“अरेरे! पण हे मधोमध भोक? यानं किंमत निम्म्यावर येते.”

“पणजीनं दारावर ठोकली होती. मालक दर रविवारी चर्चला त्याच दारावरून जायचा.”

“भोक बुजवून देतो. कळणारसुद्धा नाही.”

“हात तर लावून बघ! असल्या नोटा तुझ्याकडे गठ्ठ्यानं आहेत. हे भोक आहे का एकीला?”

“विकायची नाही, तर रांगेत कशाला उभ्या राहिलात?”

आजींनी पर्समधून गंजलेला खिळा काढून टेबलावर ठेवला.

“याची किंमत विचारायला.”