पानाखालचं नाव

नाही नाही, त्या तपकिरी सपाता नको घालूस — करड्या घे, पाहुण्यांच्या त्या. हं, बस आता. कशाला आलायस ते ठाऊक आहे मला, व्हीत — मदतीच्या पानातली तुझी दुरुस्ती मी सारखी परत पाठवते म्हणून. एका ओळीसाठी माणूस ओलोमोउत्सहून ब्र्नोला येतो, कमाल आहे बाबा तुझी! बघ, आमच्या प्रोग्रॅमची ही मदतीची साइट कुणी बसून बनवत नाही — तू पान उघडलंस की ती तेव्हाच्या तेव्हा कोडच्या साठ्यातून मजकूर उचलते नि पान उभं करते, आणि तळाशी आपोआप नाव येतं — शेवटचा हात ज्याचा लागला त्याचं. कल्पना माझ्या नवऱ्याची, लुबोशची. ‘चूक कुणाची ते लपायला नको,’ म्हणायचा — मोठा न्यायाधीशच लागून गेला! आता बाकी सगळ्या पानांखाली दुसरी नावं आली. लोक येतात, एखादा स्वल्पविराम हलवतात, नाव लावून जातात. त्याच्या नावाचं हे एवढंच पान राहिलंय — ‘जुन्या आवृत्तीवरून नव्यावर’. सकाळी कॉफी ठेवली की उघडते. का म्हणजे? — उगाच. घरात कुणीतरी असल्यासारखं वाटतं.

चुकलंय, माहितीय ना मला! ‘आधी जुना फोल्डर रिकामा करा’ — तेव्हा बरोबर होतं ते, आता नाही. तोच बदलणार होता — ऑपरेशनला जाताना म्हणाला, ‘आल्यावर बघतो, तू हात लावू नकोस.’ तो आलाच नाही. नाही लावला मी.

काय? तुमच्या वाचनालयाची? सगळी यादी गेली? — आणि त्या बाई आता एकेक पुस्तक काढून पुन्हा लिहितायत... आणि विचारतात, कुणी सांगितलं होतं फोल्डर रिकामा करायला? मग — मग तू काय सांगितलंस? नाव वाचून दाखवलंस त्यांना? लुबोशचं?

म्हणजे शिव्या त्याला बसतायत.

बदलांच्या इतिहासात नाव राहील म्हणतोस — राहील रे, मीच शिकवलंय हे लोकांना. पण तिथे शोधत जावं लागतं. इथे तो आपणहून समोर यायचा.

घे, ‘मंजूर’ तूच दाब. मी खिडकीशी उभी राहते... झालं? नको, खाली आता कुणाचं नाव आलंय ते वाचू नकोस. ऊठ, गाडी चुकेल तुझी. आणि हे बघ, सपाता तिकडे कोपऱ्यात काढ — त्याच्या तपकिरी सपातांच्या शेजारी नको.