पाचशेचं पेन

इंदिरा नगरच्या पोस्टात दिनकर सबनीस रांगेत उभे होते. पुढचं तरुण जोडपं बिनधास्त मराठीत बोलत होतं. लखनौत कोणाला कळणार?

"सोन्याच्या निबचं जपानी पेन, हिमानी! अमीनाबादच्या भंगारात, तेही पहिल्याच फेरीत!"

त्याच भंगारात सबनीस बारा वर्षं दर रविवारी जुनी पेनं शोधत हात बरबटवून घेत होते.

"हृषी, फॉर्मवर किंमत काय लिहू?"

"गिफ्ट लिही. पाचशे. तो जर्मनीवाला म्हणाला, नाहीतर कस्टमवाले त्याला पिळतात."

"अरे, ऐंशी हजारांना विकलंय आपण! वाटेत गहाळ झालं तर? पोस्टवाले फॉर्मवरचे पाचशेच हातावर ठेवतील. आणि तो त्याचे सगळे पैसे परत मागेल."

"असं होतं का पण? थांब यार, कुणाला तरी विचारू."

हिमानी मागे वळली.

"अंकल, आपने कभी बाहर पार्सल भेजा है? दाम कम लिखें तो चलता है?"

सबनीसांना आपलं परदेशी पाठवताना वाटेत गहाळ झालेलं पेन आठवलं. त्याच्याही फॉर्मवर पाचशेच होते.

"बिलकुल चलता है, बेटा," ते म्हणाले. "हमने भी यही लिखा था."