जनरेटरच्या खोलीचं दार

वीज जाऊन तास झाला होता. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी एक अनोळखी भाऊ-बहीण. आत या दोघांच्या आईचं ऑपरेशन चाललेलं.

“ताई, जनरेटरचा आवाज दबला कसा गं?”

“बरंच झालं. मघापासून डोकं उठलं होतं.”

“बरं कसलं! इंजिनं दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. हे घशात घास अडकल्यासारखं चाललंय.”

“अरे, मीच आत्ता वॉर्डबॉयला जनरेटरच्या खोलीचं दार लावायला सांगितलं. आत नेताना आई सारखी दचकत होती.”

“दार लावलंस?”

“दारानं काय होतंय?”

“अगं, तीन वाट्या डिझेल जाळलं, तर एका वाटीचीच वीज होते. बाकी दोन वाट्यांची नुसती उष्णता. थोडी धुराबरोबर जाते, थोडी पंखा दारातून बाहेर फेकतो. दारच बंद, तर ती जाणार कुठे?”

“मग?”

“इंजिन तापणार आणि बंद पडणार.”

“आणि आतले दिवे? आईचं श्वासाचं यंत्र?”

भाऊ जनरेटरच्या खोलीकडे धावत सुटला. बाईंनी ताईचा हात घट्ट धरला. डोक्यावरचा दिवा एकदा मंदावला, पुन्हा सावरला. मग दूर कुठेतरी दार धाडकन उघडलं आणि इंजिनाची धडधड थेट बाकापर्यंत आली.

समोरच्या बाकावरचे एक आजोबा करवादले, “काय हा कलकलाट! लावा रे कुणीतरी ते दार!”

ताई ताडकन उठली, “आजोबा, त्या दाराला कुणी हात तर लावू दे!”