फायटरची चतुर्थी

आजारपणात माणुसकीची परीक्षा होते, असं सूर्यभानजींचं ठाम मत. अकोल्याच्या एसटीत पुढच्या सीटवरच्या दोघींकडून त्यांना ऐकू आलं ते मात्र एका माशाचं आजारपण.

“रागिणी, तुया फायटर मासा कसा आहे वं?”

“काय सांगू! पोट फुगून टाकीच्या तळाले पडला होता. मी तं रडून राहिली होती.”

“फुगला काहून?”

“घरातला जो तो जाता-येता ‘जेवला काय रे?’ म्हणे, अन् दाणे टाके. दुकानवाल्यानं सांगतलं, उपाशी ठेवा, नाई तं मरते.”

“सासूबाईनं ठेवू देल्लं?”

“आपल्या घरी कोणी उपाशी राहत नाई, म्हणे. मंग मी म्हटलं, त्याले चतुर्थी आहे.”

“ऐकलं?”

“तवाच! वरून मले इचारते, भगर टाकू काय?”

“आवं माय! मंग, गेला काय मासा?”

“नाई वं, मस्त पोहून राहिला. सकाळी हागला.”